४० मीटर बँडचा डायपोल १० मीटरमध्ये: कॉइल कुठे आणि किती?

प्रश्न
७.१ मेगाहर्ट्झचा (४० मीटर बँड) पूर्ण डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना, साधारण २० मीटरचा होतो, जागा निम्मीच आहे. तार २ मिमी जाडीची. प्रत्येक बाजूच्या मधोमध लोडिंग कॉइल (तारेची कमी लांबी भरून काढणारी) घातली तर इंडक्टन्स किती लागेल? फीडपॉइंटलाच (केबल जोडतात तिथे) घातली तर वेढे कमी लागतात, मग तिथे का नको?

उत्तर १
फीडपॉइंटपासून २.५ मीटरवर, प्रत्येक बाजूला सुमारे २४ मायक्रोहेन्री धरा. ५० मिमी बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर १.५ मिमी इनॅमल तारेचे २४ वेढे लगोलग घातले की तेवढे मिळतात. २६ घाला, मोजा, मग जास्तीचे काढा. ताण पाइपवर यायला हवा, कॉइलवर नाही. त्यासाठी पाइपच्या टोकांना भोकं पाडून अँटेनाची तार तिथे बांधा आणि कॉइल वेगळी सोल्डर करा.

फीडपॉइंटला १२ मायक्रोहेन्रीत भागतं, पण तिथून पुढे करंट लगेच उतरायला लागतो आणि रेडिएशन रेझिस्टन्स (प्रत्यक्ष प्रसारित होणाऱ्या पॉवरचा वाटा दाखवणारा रोध) जेमतेम १२ ओहम उरतो. कॉइल मधोमध असली की तिच्यापर्यंत करंट बराचसा टिकतो, त्यामुळे २२ ओहमच्या आसपास मिळतात.

उत्तर २
वरच्या हिशेबात कॉइलचा क्यू (गुणवत्तेचा आकडा, जितका जास्त तितका तोटा कमी) धरायलाच हवा. क्यू २०० असेल तर दोन्ही कॉइलचा तोटा मिळून फीडपॉइंटला ९-१० ओहम, रेडिएशनचे २२ धरून एकूण ३२, एसडब्ल्यूआर (केबलशी जुळणी दाखवणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.५. क्यू १०० वर आला की एकूण ४१ ओहम आणि एसडब्ल्यूआर १.२! आकडा सुधारला, पण जवळपास निम्मी पॉवर कॉइल तापवण्यात गेली. उंची कमी असेल तर हे ओहम बदलतात, तरी कॉइल हाताला गरम लागली (ट्रान्समीटर बंद करूनच हात लावा) तर दोष तिथेच. काळा पाइप टाळा, त्यातल्या कार्बनने तोटा वाढू शकतो.

प्रश्नकर्ता
ट्यूनिंगसाठी तार कुठून कापायची?

उत्तर १
फक्त कॉइलच्या बाहेरची, दोन्हीकडे सारखी. इथे १ सेंमीला जवळपास १५ किलोहर्ट्झ सरकतात, पूर्ण डायपोलच्या दुप्पट. म्हणून आधी कापू नका, टोक मागे दुमडून बघा. एसडब्ल्यूआर २ च्या आत १०० किलोहर्ट्झही मिळणार नाहीत, तेव्हा वापरायची फ्रिक्वेन्सी आधीच ठरवा.

उत्तर ३
कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) हात लावल्यावर डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सर्वात कमी असतो ती फ्रिक्वेन्सी, सरकत असेल तर छाटणी थांबवा, केबलची जाळी अँटेनाचं काम करतेय. आधी फीडपॉइंटला १:१ करंट बॅलन (balun, जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट रोखणारा भाग) लावा, मग मोजा. वेढ्यांत पाणी शिरलं तरी डिप खाली घसरतो, म्हणून ट्यूनिंग झाल्यावर कॉइलवर वॉर्निशचा हात द्या आणि पुन्हा एकदा तपासा.