नववीतल्या पोराचा दाखला नेमका कुणाच्या सहीनं निघतो?

उद्यमनगरचा मामा
माझा भाचा नववीत होता. मधल्या सुट्टीत भांडण झालं, यानं डबा फेकला, दुसऱ्या पोराला दोन टाके पडले. चूक भाच्याचीच, मी झाकत नाही. दुसऱ्या दिवशी दाजींना बोलावून सांगितलं, "उद्यापासून पाठवू नका." चार दिवसांनी, "दाखला न्या, नाहीतर शेरा मारून देऊ." दाजी शिरोलीला कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस. घाबरले, समोर आलेल्या अर्जावर सही करून मोकळे झाले. आता दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण 'पालकांच्या विनंतीवरून' आणि वर्तणूक 'चांगली'. वर्तणूक चांगली होती तर काढलं का? वाईट होती तर चौकशी कुठाय? पोराला कुणी विचारलंच नाही, बाबा, झालं काय.
नववी-दहावीच्या मुलाला वर्षाच्या मध्येच दाखला द्यायचा असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयानं आधी पोराशी आणि आईबापाशी बोलावं, मगच मंजुरी द्यावी. शाळेचं नाव घेत नाही, प्रश्न एका शाळेचा नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
मामा, टाके पडलेल्या पोराची आईपण मुख्याध्यापकासमोर येऊन बसते. "तो वर्गात असला तर माझा मुलगा येणार नाही," म्हणते. तिला काय सांगायचं? छडी गेली, जायलाच हवी होती. पण तिच्या जागी शाळेला दिलं काय? समुपदेशक नाही, वर्गात साठ-पासष्ट पोरं. त्यात फाईल जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली की परत कधी येणार? तोवर गल्लीतल्या पुढाऱ्याचे फोन सुरू. मुख्याध्यापकाच्या शब्दाला वजन राहिलं नाही तर शाळा चालवणं अवघड आहे.

वकीलबाई
सर, अडचण खरी आहे. पण शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १६ बघा: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. नववीत गेलं की हे कवच संपलं. उलट खासगी शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फ केलं तर १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यानं त्याला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. पोरानं कुठं जायचं? केरळात १९८५ साली तीन भावंडांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं. ती आदरानं उभी राहायची, फक्त गात नसत. त्यांना परत घ्या, हे १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पाळीवरचा बाप दिल्लीला जाणार काय?

हायस्कूलची बाई
मी सरांच्या बाजूनं. माझ्या वर्गातल्या एका मुलानं मुलीचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. ती आठ दिवस शाळेत आली नाही. मंजुरी येईपर्यंत तिनं रोज त्याच्याच वर्गात बसायचं?

उद्यमनगरचा मामा
नाही बाई. त्याला त्याच दिवशी घरी बसवा, फक्त कारण लेखी द्या आणि परत कधी यायचं ती तारीख घाला. माझं भांडण कायमच्या दाखल्याशी आहे.

वकीलबाई
आणि मंजुरीचा नियम फक्त 'काढून टाकलेल्या' मुलांना लावला तर काही उपयोग नाही. कागदावर कुणाला काढलेलंच नसतं, अर्ज बापाचा असतो. वर्षाच्या मध्ये निघणारा प्रत्येक दाखला तपासायला हवा.

निवृत्त मुख्याध्यापक
प्रत्येक? बापाची बदली झाली म्हणून जाणारी पोरंपण त्यात आली. एक मात्र कबूल करतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची पोरं नववीतच बाहेर काढून त्यांना बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथं देखरेख ठेवा, माझा पाठिंबा. पण मारामारीत, छेडछाडीत मुख्याध्यापकाला मोकळीक हवीच.

उद्यमनगरचा मामा
सर, कच्चं पोर असो की भांडखोर, दाखल्यावर कारण एकच छापलेलं असतं. कुणाला कशासाठी घालवलं हे बाहेरच्याला कळणार कसं? आत्ता दुसरी शाळा "जूनमध्ये या" म्हणते. भाचा माझ्यासोबत वर्कशॉपला येऊन कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतो. काल जिल्हा परिषदेत अर्ज दिला, पोच घेतली. सही करायच्या आधी दाजींनी तो अर्ज तीनदा वाचला.