मदत हवी आहे: ‘मूनलाइट सेरेनेड’ची मूळ चाल कुठली?

अमेरिकन बँडलीडर ग्लेन मिलरची ही सिग्नेचर ट्यून आमच्या हौशी बँडसाठी लिहून काढतोय. छापील नोटेशनवर १९३९ साल आणि शब्द मिचेल पॅरिशचे असं आहे, पण चाल त्याआधीची आहे असंही वाचलं. खरं काय? शिवाय दोन अल्टो सॅक्सोफोन, दोन टेनर सॅक्सोफोन, क्लॅरिनेट असं सगळं असूनही मिलरचा तो आवाज येत नाही. काय राहतंय?

प्रतिसाद १
चाल आधीची, नाव नंतरचं. १९३५ च्या सुमारास मिलर न्यूयॉर्कमध्ये जोसेफ शिलिंगरकडे संगीतरचना शिकत होता, तिथल्या गृहपाठातून ती निघाली. शिलिंगरची पद्धत पक्की गणिती, आणि त्यातून इतकी हळवी चाल निघावी, ही गंमतच! एडवर्ड हेमनने तिला ‘नाऊ आय ले मी डाउन टू वीप’ असे शब्द दिले, पण ते रुजले नाहीत. ४ एप्रिल १९३९ ला ब्लूबर्ड या रेकॉर्ड लेबलसाठी ती रेकॉर्ड झाली. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला फ्रँकी कार्लची ‘सनराइज सेरेनेड’, म्हणून पहाटेला जोड चांदण्याची. पॅरिशचे शब्द या नावावर बेतलेत. मिलरच्या तबकडीवर मात्र फक्त वाद्यं आहेत.

प्रतिसाद २
आवाजाचं सांगतो. चाल अल्टोकडे दिली असेल तर तिथेच चुकलंय. ती क्लॅरिनेटला द्या, तीच एका टेनरला एक सप्तक खाली, आणि दोन अल्टो व दुसरा टेनर यांना मधले सूर. मूळ पट्टी एफ मेजर; ही वाद्यं लिहिलेल्यापेक्षा वेगळ्या सुरात वाजतात, म्हणून क्लॅरिनेट-टेनरचे कागद जी मेजरमध्ये, अल्टोचे डी मेजरमध्ये.

हळू आवाजात वाजवताना क्लॅरिनेटचा सूर चढतो, त्यामुळे खालच्या टेनरशी सप्तक फाटतं. ट्यूनिंग मोठ्या आवाजात न करता प्रत्यक्ष वाजवणार तेवढ्याच आवाजात करा. व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचं कंपन, तेही पाचही जणांचं एका वेगाचं हवं. एकाचं जरी घाईचं झालं तरी सगळं गढूळ होतं. आधी व्हायब्रॅटोशिवाय सपाट वाजवून सूर जुळवा.

प्रतिसाद ३
ऐकून लिहीत असाल तर १९४१ ची रेडिओ रेकॉर्डिंगं तपासून घ्या. रॉयल्टीवरून ॲस्कॅप (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी अमेरिकन संस्था) आणि रेडिओ कंपन्यांचं वाजलं होतं, त्या काळात ही ट्यून प्रसारित करता येत नव्हती. तेव्हा मिलर ‘स्लंबर साँग’ वाजवायचा, जी त्याच्या पियानोवादकाची, चमी मॅकग्रेगरची चाल.