हाडं बघायला कुठवर गेलात? सातारा-सांगलीकरांसाठी अनुभव धागा

करंजेकर (धागा यांचा)
परवा यवतेश्वरच्या घाटात धाकटीनं विचारलं, "बाबा, या डोंगरात डायनोसॉर असेल का?" नाही म्हणालो, तर तिचा चेहरा पडला. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा, थरावर थर. उकळत्या दगडात हाड कुठून टिकणार? हाडं बघायची तर या लाव्ह्याच्या कडेला जायला हवं. गुजरातेत बालासिनोरजवळचं रायोली, नाहीतर आपल्याच राज्याच्या पार शेपटाला सिरोंचा. आम्ही अजून कुठंच गेलेलो नाही. गेलेल्यांनी लिहा. हॉटेलांचे दर नकोत, काय बघितलं ते सांगा. फसलेली सहलही चालेल.

कराडची सून
आम्ही रायोलीला गेलो ते वडोदऱ्याहून गाडी करून, सासूबाईंसकट. संग्रहालय नवं आहे, २०१९ साली उघडलेलं. आत गारवा, पडदे, आवाज. पोरं खूश. मी मात्र बाहेरच्या माळावर जास्त रमले. वाटाड्यानं बाटलीतलं पाणी एका खडकावर ओतलं आणि करड्या दगडात वेगळ्या रंगाचा तुकडा उठून दिसला. हाड! इतका वेळ आम्ही त्याच्या शेजारीच उभे होतो.

१९८१ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं दुसऱ्याच कामाला इथं आली आणि हे हाती लागलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत गोळा केलेल्या हाडांतून कपाळावर बुटकं शिंग असलेला मांसाहारी प्राणी उभा राहिला, राजासॉरस नर्मदेन्सिस. नाव पडायला २००३ उजाडलं. यावर आमचे हे म्हणाले, "सातबाऱ्यावर नाव लागायलाही एवढीच वर्षं जातात." (त्यांचं सगळं तिथंच येऊन थांबतं.)

सासूबाईंना आवडली ती अंड्याची गोष्ट. गावातली एक बाई म्हणे गोल दगडानं मसाला वाटायची, तो निघाला डायनोसॉरचं अंडं. बालासिनोरच्या जुन्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी तो ओळखून जपला, असं वाटाड्या सांगत होता. सासूबाई म्हणाल्या, "इतका चांगला वरवंटा मी नसता दिला बाई."

बत्तीसशिराळकर
ताई, सापाचं विचारलं नाहीत होय? आम्ही शिराळ्याची माणसं, आमचं लक्ष आधी तिकडंच. त्याच भागात ढोली डुंगरीला डायनोसॉरच्या एका घरट्याच्या दगडात अंडी, नुकतं फुटून निघालेलं पिल्लू आणि अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, असे एकत्र गाडले गेलेत. सापाचं नाव सनाजेह इंडिकस. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना त्यात पिल्लू आणि अंडी दिसली होती, साप आहे हे बरंच नंतर ध्यानात आलं. जगापुढं मांडणी झाली २०१० मध्ये.

जबडा आताच्या अजगरासारखा ताणणारा नव्हता. म्हणजे अख्खं अंडं गिळणं जमायचं नाही, फुटायची वाट बघत बसायचं. वाळूच्या लोंढ्यानं झाकलं तेव्हा गडी वाटच बघत होता. मला त्याची दया आली. आमच्याकडं कोर्टाच्या बंदीनंतर पंचमीला जिवंत नाग धरणं थांबलं, म्हातारे हळहळत राहिले. त्यांना हा फोटो दाखवला. एकजण म्हणाला, "ह्यो धरायला आमचा आजा लागला असता."

मिरजकर
सिरोंचाचं मी सांगतो, कारण तिकडं कोणी जात नाही.

महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेहून पकडली, वर्ध्याला गाडी बदलून बल्लारशाह, मग एसटीनं आलापल्ली आणि पुढं सिरोंचा. जिल्हा महाराष्ट्रातला, पण बाजारात तेलुगू. प्राणहिता आणि गोदावरी तिथं जवळच मिळतात. वडधमच्या जीवाश्म उद्यानात पोचायला घरातून निघाल्यापासून तिसरा दिवस उजाडला.

मी उभा सापळा डोळ्यांसमोर धरून गेलो होतो. तो तिथं नाही. झाडांची दगड झालेली खोडं आहेत, जमिनीवर आडवी. पहिली दहा मिनिटं मी चिडून फोटोही काढले नाहीत. मग एका खोडाला हात लावला. सालीच्या रेघा लाकडाच्या, गारवा लोखंडाचा. लाकूड कुजायच्या आत पाण्यातली सिलिका त्यात भरत गेली, आकार तोच राहिला. ही झाडं उभी होती तेव्हा आपली सह्याद्री नव्हतीच. ज्युरासिक काळ, आपल्या लाव्ह्याच्याही कितीतरी कोटी वर्षं आधीचा.

याच खोऱ्यातनं १९६० च्या सुमारास किमान सहा डायनोसॉरची तीनशेच्या आसपास हाडं निघाली. मांडीचं एक हाड माणसाच्या उंचीएवढं, म्हणून बारापासॉरस, बंगालीत मोठा पाय. नावात पुढं टागोरी, कारण १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष. सापळा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. कवटी मात्र सापडलीच नाही. म्हणजे सापळ्यासाठी अजून एक रेल्वे. बायको म्हणाली, एकट्यानं जा.

कराडची सून
तीन दिवस एसटी-रेल्वे, तेही लाकडासाठी? धन्य आहात भाऊ.

माणदेशी मास्तर (निवृत्त)
मी संग्रहालयात कमी आणि विहिरीत जास्त गेलोय. आमच्या माणात विहीर खोदताना आधी मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा दगड), मध्येच गेरूचा तांबडा पट्टा आणि खाली अख्खा पाषाण. वडिलांना तिथं नारळाएवढा गोल दगड मिळाला. कांद्यासारखे पापुद्रे. डायनोसॉरचं अंडं म्हणून तो अकरा वर्षं देवळीत होता. मी स्वतः वर्गात दाखवलाय, खोटं कशाला बोलू. पुढं भूगर्भाच्या एका प्राध्यापकांनी हातात घेतला आणि हसू आवरत सांगितलं, पाषाण असाच झिजतो, कोपरे आधी जातात आणि गोळा उरतो.

नंतर वरोऱ्याच्या बाजूला पिसदुऱ्याला गेलो. संग्रहालय बघायला नव्हे, शेतं बघायला. तिथल्या मातीत डायनोसॉरचं दगड झालेलं शेण मिळालंय. त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले, भाताच्या कुळातल्या गवताचेसुद्धा. २००५ पर्यंत पुस्तकांत होतं की डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतं. शेणानं पुस्तक बदललं. आमच्या बैलांना हे सांगून उपयोग नाही, पण मला लई आनंद झाला.

करंजेकर
मास्तर, धाकटीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते आधी शेणाचं गाव, मग साप. लाकडाला नाही म्हणाली, मिरजकर माफ करा. आणि तो देवळीतला गोल दगड अजून आहे का, विचारतेय.

माणदेशी मास्तर (निवृत्त)
आहे की. गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटतं, तिथं लावलाय. रविवारी या, पण चपला घालून या, काटे फार.