एक झाड तर वाचलं

"झाडावर चढून बसल्याने कंपनी थोडीच थांबते?" असं झाडतोडीविरुद्धच्या आंदोलनांबद्दल कुणीतरी विचारलंय. थांबते कधीकधी, पण फुकटात नाही.

पर्यावरण कार्यकर्ती ज्युलिया बटरफ्लाय हिल आठवा. कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट परगण्यात 'लूना' नावाच्या रेडवूड जातीच्या जुन्या, उंच झाडावर, ते तोडलं जाऊ नये म्हणून, ही पोरगी डिसेंबर १९९७ मध्ये चढली, ती ७३८ दिवसांनी खाली उतरली. सुमारे १८० फुटांवर फळ्यांचा एवढासा माचा, वर ताडपत्री. साथीदार खालून दोराने शिधा पोचवायचे. पहिल्याच हिवाळ्यात एल निन्योची वादळं झेलली. त्यात ती झाडावर वावरायची अनवाणी! (मला चौथ्या मजल्याच्या गच्चीतून खाली बघवत नाही.)

शेवटी तिथे झाडं तोडणाऱ्या पॅसिफिक लंबर कंपनीने लूना आणि भोवतालचा २०० फुटांचा पट्टा न तोडण्याचं कबूल केलं. पण त्या करारात ५०,००० डॉलर मोजले ते ज्युलिया आणि तिच्या पाठीराख्यांनी. बाकीच्या जंगलाला त्याचा उपयोग नव्हता, हे मला मान्य आहे.

पुढच्याच वर्षी कुणीतरी बुंध्यात करवतीने खोलवर काप घातला. मग पोलादी पट्ट्या ठोकून, तारांचे ताण देऊन झाड सावरलं. ते अजून उभं आहे.