मदत हवी आहे: कूलरचा मॅश टन (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवून गोड रस गाळायचं भांडं) केला, पण नळातून थेंब येईना

मुक्काम डेट्रॉइट:
मंडळी, आतापर्यंत सहा वेळा डब्यातलं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार अर्क) वापरून घरी बिअर केली. चव बरी आली, पण पाकिटातल्या पिठाचे गुलाबजाम करून शाबासकी घेतल्यासारखं वाटायचं. म्हणून परवाच्या शनिवारी पहिल्यांदाच ऑल-ग्रेन, म्हणजे माल्ट भरडण्यापासून सगळं घरी. पार बोऱ्या वाजला.

साधन असं: 10 गॅलनचा (साधारण 38 लिटर) गोल पिकनिक कूलर. त्याची प्लास्टिकची तोटी काढून स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. गाळणी म्हणून वॉशिंग मशीनच्या पाइपवरची स्टीलची जाळी. आतली रबरी नळी उपसून काढली, जाळीचं एक टोक मुरगळून बंद केलं, दुसरं क्लॅम्पने व्हॉल्व्हला आवळलं. नुसतं पाणी ओतून पाहिलं तर धो धो वाहिलं. मी खूश.

धान्य 5 किलो: निम्मा जवाचा माल्ट, निम्मा गव्हाचा (हेफेवायझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर करायची होती). बारीक व्हावं म्हणून दोनदा भरडलं. त्यावर 74 अंशांचं 14 लिटर पाणी. 67 यायला हवं होतं, आलं 63. तांब्या तांब्याने उकळतं पाणी घालून 66 वर आणलं. तासाभराने नळ पूर्ण उघडला. अर्धा लिटर जोरात आला, मग करंगळीएवढी धार, मग थेंब, मग तेही नाही. नळीत फुंकलं की आत बुडबुडे यायचे, मिनिटभर वाहायचं, पुन्हा ठप्प. शेवटी घरच्यांचा डोळा चुकवून पुरणाची चाळण आणली आणि वरून आणखी गरम पाणी ओतत रात्री दहापर्यंत गॅरेजमध्ये गाळत बसलो. बाहेर उणे 6.

19 लिटर मिळाले, पण ग्रॅव्हिटी (रसाची घनता, यावरून साखर किती उतरली ते कळतं) 1.050 ऐवजी 1.036. (गार करूनच मोजली.) आता जाळी फेकून खालून करवतीने चिरा पाडलेला तांब्याचा पाइप बसवू का? आणि तापमान का पडलं? चाळण अजून चिकट आहे, तो विषय वेगळा.

फेसाळ:
पाइपवर लगेच खर्च करू नका. जवाच्या दाण्याला तूस चिकटून असतं आणि गाळणीचं खरं काम ते करतं, जाळी फक्त त्याला अडवते. गव्हाचं तूस मळणीतच उडून जातं. त्यात तुम्ही दोनदा भरडून जवाच्या तुसाचाही भुगा केलात. वर नळ एकदम उघडलात, म्हणजे सगळा गाळ खाली खेचला जाऊन घट्ट बसला. पहिली दहा मिनिटं नळ जेमतेम किलकिला ठेवायचा. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते अलगद परत वर ओतायचे.

ब्रूइंगच्या दुकानात भाताचं तूस मिळतं. 5 किलोला 250-300 ग्रॅम, धुऊन मिसळा. आमच्याकडे कोकणात गिरणीमागे त्याचे ढीग पडलेले असायचे, इथे पैसे मोजून आणतो.

काठावरचा:
तापमानाचं उत्तर तुम्हीच दिलंय: गॅरेज! धान्य आणि कूलर तिथेच असणार. 74 चा हिशेब 18 अंशांच्या धान्याचा आहे. धान्य 5 अंशांवर असेल तर पाणी 76 हवं, शिवाय कूलर स्वतः उष्णता पितो तो वेगळा. आधी पाच-सहा लिटर उकळतं पाणी ओतून झाकण लावा, दहा मिनिटांनी काढून टाका.

1.036 चं कारण वेगळं शोधू नका, साखर चोथ्यात राहिली. आणि जाळी बाहेर काढून बघा, चेपली असणार.

पेठेतला:
हे सगळं पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत जमेल का?

काठावरचा:
जमेल, पण करू नका. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय गाळणं गुन्हा. अमेरिकेतही 1978 मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे घरगुती बिअरला केंद्राची मोकळीक मिळाली: एकट्याला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर 200. तीही विकायची नाही.

मुक्काम डेट्रॉइट:
जाळी काढली. पापडासारखी चपटी! जाड तांब्याची तार पेन्सिलीभोवती गुंडाळून स्प्रिंग केली आणि आत सरकवली, आता बोटाने दाबली तरी चेपत नाही. काल पुन्हा तोच घाट: एकदाच भरडलं, 300 ग्रॅम तूस, कूलर आधी तापवला, धान्य आदल्या रात्री स्वयंपाकघरात आणून ठेवलं. 66.5 अंश आले आणि तासभरात एकच अंश उतरला. नळ पाऊण तास अखंड वाहिला. 1.049.

फक्त व्हॉल्व्हच्या मागून थेंब थेंब गळतंय, खाली पातेलं लावलं होतं. वॉशर बाहेरच्या बाजूला आहे.

फेसाळ:
आतून लावा. रबरी नको, उष्णता सोसणारा सिलिकॉनचा. आणि चाळण नवी आणून द्या.