विषय: आई दिवेलागणीला ‘घरी चला’ म्हणतात

प्रेषक: स्लाऊची एक सभासद

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा वेगळा विषय काढते आहे. माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या. १९७४ साली दादरहून इथे इंग्लंडमध्ये आल्या, तीस वर्षं नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि आता त्यांचं इंग्रजी गळून पडत चाललंय. आंघोळ घालायला येणारी बाई इंग्रजीत ‘हात वर करा’ म्हणते, आई नुसत्या बघत राहतात. ती वहीत लिहून जाते, ‘आंघोळीला नकार’. नकार नाही हो तो, त्यांना कळलंच नाही!

अंधार पडला की चप्पल घालून दाराशी उभ्या. “चला घरी, देवाजवळ दिवा लावायचाय.” मंगळवारी मी भाजी फोडणीला टाकेपर्यंत बसस्टॉपवर पोचल्या होत्या. ह्यांची रात्रपाळी असते. रात्री तीन-चारदा मीच उठते. यातून कुणी गेलंय का?

प्रेषक: हॅरोचे काका

सूनबाई,

मी सहा वर्षं हिचं केलं. ‘अगं, हेच आपलं घर’ असं सुरुवातीला शंभरदा सांगितलं असेल. ती आणखी घाबरायची. मग समजवायचं सोडलं. हिवाळ्यात इथे चारलाच अंधारतं, म्हणून साडेतीनला सगळे दिवे लावून पडदे ओढायचो आणि हिच्यापुढे कापूस ठेवायचो. वाती वळायला बसायची. नातवंडांची नावं गेली होती, पण बोटांना वात येत होती. तासभर शांत जायचा.

न्हाणीघराच्या दारावर रोमन लिपीत मराठी शब्द लिहून लावा: हात वर, बसा, पाणी गरम आहे, झालं. आमच्याकडे येणाऱ्या बाई घानाच्या होत्या, आठवड्यात त्यांचे पाठ झाले. “झालं झालं” त्यांनी म्हटलं की ही हसायची.

शुक्रवारी दुपारी मी मोकळा असतो. वहिनींशी गप्पा मारायला येईन. तेवढ्यात तुम्ही झोपा.

प्रेषक: रेडिंगची ताई

मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, समाजसेवा विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझ्या मेलमध्ये आईंबद्दल सगळं आहे, तुझ्याबद्दल शेवटच्या ओळी.

‘केअर ॲक्ट २०१४’ प्रमाणे काळजी घेणाऱ्याचं स्वतंत्र मूल्यमापन करून घ्यायचा तुला हक्क आहे. आईंची मदत आधीच चालू असली तरीही. कौन्सिलला फोन करून ‘केअरर्स असेसमेंट’ हेच शब्द वापर. माणूस घरी आला की चहा-चिवडा देऊन ‘आमचं बरं चाललंय’ म्हणू नकोस. मराठी घरांमधून मी हे वाक्य फार ऐकलंय, आणि त्यापायी मिळणारी मदत हुकते. मंगळवारची गोष्ट सांग, रात्री कितीदा उठतेस ते सांग.

आईंसाठी ‘अटेंडन्स अलाउन्स’ हा सरकारी भत्ता घेता का? पेन्शनच्या वयापुढच्यांसाठी आहे. शिल्लक किंवा उत्पन्न बघत नाहीत. रात्रीही लक्ष ठेवावं लागतं, हे अर्जात नीट लिही, वरच्या दराला तेच लागतं. (आईवडिलांना अलीकडे व्हिसावर आणलेल्यांनी आधी व्हिसाची अट तपासा; सरकारी मदत घ्यायला बहुधा मनाई असते.)

बसस्टॉपचं वाचून पोटात गोळा आला. ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’चा फॉर्म आजच उतरवून घे. नॉर्मंडीच्या लढाईतले एक सैनिक, जॉर्ज हर्बर्ट, यांना स्मृतिभ्रंश होता. त्यांचं नाव त्याला दिलंय. फोटो, औषधं, जुने पत्ते, नेहमीच्या जागा भरून घरी ठेवायचा. माणूस हरवलं तर पोलिसांच्या हातात द्यायचा. आई मराठीच बोलतील, हे त्यात ठळक लिही.

आणि नोकरी सोडायचा विचार असेल तर थांब. एप्रिल २०२४पासून काळजी घेणाऱ्यांना वर्षाला एक आठवडा रजा मागता येते, बिनपगारी असली तरी पहिल्या दिवसापासून. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांना मदत करायला ‘ॲडमिरल नर्स’ असतात, त्यांच्या हेल्पलाइनवर एकदा बोल.

प्रेषक: स्लाऊची एक सभासद

ताई, राजीनामा लिहून ठेवला होता, खरंच. तूर्त देत नाही. सोमवारी कौन्सिलला फोन करते.

काका, काल कापूस दिला. आईंनी अकरा वाती वळल्या आणि मला म्हणाल्या, “तुझी सैल होतेय गं, ओला हात लाव.” शुक्रवारी दोनला या. त्यांना तांदळाची उकड आवडते, करून ठेवते.