स्कॅन आहे म्हणून चिरफाड बंद?
एकांचं म्हणणं आहे की दिल्लीच्या एम्समध्ये 2021 पासून व्हर्च्युअल ऑटोप्सी, म्हणजे मृतदेह न कापता स्कॅनवरून पोस्टमॉर्टेम, होते मग सगळीकडे चिरफाड बंदच करून टाका. भावना कळते हो, घरच्यांचा जीव तुटतोच, पण एवढं सरळ नाहीये ते. सीटी स्कॅनमध्ये हाडं मोडलेली, अडकलेली गोळी, नको तिथे शिरलेली हवा हे मस्त दिसतं, कधी कधी चिरफाडीपेक्षाही बरं, आणि स्कॅन सेव्ह राहतो म्हणजे दहा वर्षांनी दुसरा डॉक्टरपण बघू शकतो, बॉडीचे अंत्यसंस्कार झाले की ते कुठलं जमायला! पण हार्टचा आजार, फुप्फुसात अडकलेली गुठळी, न्यूमोनिया इथे गाडी अडते. 2012 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनचा 182 मृतदेहांचा अभ्यास आला होता, त्यात नुसत्या सीटीवरून काढलेलं मृत्यूचं कारण आणि चिरफाडीतलं कारण यात 32 टक्के केसेसमध्ये मोठा फरक निघाला, आणि गंमत म्हणजे एमआरआयचा आकडा त्याहून वाईट, 43 टक्के. आणि विषाचं काय? ते स्कॅनमध्ये कळत नाही, त्याला व्हिसेरा (म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने) लॅबलाच पाठवावा लागतो. अ‍ॅक्सिडेंटच्या केसेसना आधी स्कॅन करा की, पण संशयास्पद मृत्यूत मी तरी चिरफाडच मागेन.